सर्वात वर माझा पलंग

माझं काम सांगायला सोपं आणि पटवायला कठीण आहे. कोणाचा नळ गळतो, कोणाची दाढ दुखते, कोणाचा एसी ऐन मे महिन्यात राम म्हणतो. असा माणूस मोबाइल काढतो आणि शोधतो. नकाशात जी पहिली दोन-तीन नावं वर येतात, त्यांनाच फोन जातो. खालच्यांनी आपल्या पुण्याईची वाट बघावी. रायपूरच्या धंदेवाल्यांना त्या वरच्या दोन-तीनांत नेऊन बसवायचं, त्यांच्या वेबसाइटी लिहायच्या, हे माझं काम. तिथल्याच बूढ़ापारा वस्तीत दोन खोल्यांत बसून मी ते करते आणि या शहरात माझ्याइतकं ते कोणालाच जमत नाही, असं सगळ्यांना सांगते. आजवर कोणी खोडून काढलेलं नाही, कारण मी नक्की काय करते ते कोणाला कळतच नाही.

आता भावाबद्दल. माझा धाकटा भाऊ शहराच्या कडेला बीरगांवात राहतो. जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो गोदाम सांभाळायचा. कारखाना बंद पडला तेव्हा त्याचं वय असं होतं, की नवीन नोकरी कोणी देत नाही आणि जुनी विसरता येत नाही. गोदामात उंदीर, वाळवी, झुरळं यांच्याशी इतकी वर्षं झुंज दिलेली, त्यामुळे औषधांची त्याला चांगली माहिती होती. त्यानं रीतसर लायसन काढलं, फवारणीचा पंप घेतला आणि घरोघरी जाऊन किडे मारायला लागला. ढेकूण ही त्याची खासियत. पलंग पूर्ण उकलून, एकेक भेग टॉर्चनं बघून मारतो. आणि नसले तर "नाहीत" म्हणून सांगून परत येतो, म्हणजे धंद्यासाठी अगदीच नालायक.

त्याच्या साळ्यानं नागपुरात एक जागा बघून ठेवली होती, कुठल्याशा गोदामात सुपरवायझरची. "होळीपर्यंत सांगा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो," असा निरोप होता. भावजय तयार होती. भाऊ हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. मला मात्र तो जायला नको होता, हे मी आधीच सांगून टाकते. आई-बाबा गेल्यावर या शहरात माझ्या रक्ताचं तो एकच. नवरा आहे, पण नवरा रेल्वेचा आहे, आज इथे तर उद्या बदली.

तर होळीच्या आत भावाचे फोन वाजले पाहिजेत, असं मी ठरवलं. बहीण या कामातली उस्ताद आणि भाऊ शोधून सापडत नाही, ही माझ्या नाकाला झोंबणारी गोष्ट होतीच.

एका रविवारी मी त्याची वेबसाइट उभी केली. आधी सगळं शुद्ध मराठीत लिहिलं, 'ढेकूण निर्मूलन' वगैरे. भाची मागे उभी राहून वाचत होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. म्हणाली, "आत्या, ये कौन सर्च करेगा? खटमल लिखो ना." पोट्टी बरोबर बोलत होती, म्हणून मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं आणि खटमल लिहिलं. मग प्रत्येक वस्तीचं वेगळं पान केलं. म्हणजे बूढ़ापाऱ्याचं एक पान लिहिलं आणि वस्तीचं नाव बदलून बाकीच्यांना चिकटवलं. बूढ़ापाऱ्याच्या चिंचोळ्या गल्ल्या मी पंडरीतही नेल्या आणि बीरगांवातही. हे असं करू नये, हे मी गिऱ्हाइकांना दर आठवड्याला सांगते. पण घरच्या कामाला आपण सगळेच चोर असतो. शोधयंत्रानं ती सगळी पानं वाचली आणि एकालाही वर घेतलं नाही.

खरी अडचण वेगळीच होती. नकाशावर भावाच्या नावाखाली एकही अभिप्राय नव्हता. दुसऱ्या कंपन्यांखाली ताऱ्यांची रांग, याच्याखाली ठणठणाट. दोन वर्षं काम करून एकही नाही, असं कसं? मी त्याला विचारलं.

"लोकाइले लाज वाटते ना, ताई," तो म्हणाला. "आपल्या घरी ढेकूण होते, असं कोण लिहीन?"

हे खरं होतं. आमच्या मराठी घरांत साखर झाल्याचं लोक कौतुकानं सांगतात, अगदी आकड्यासकट. ढेकूण झाल्याचं सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत. म्हणून भावानं आपली एक पद्धत पाडली होती. अंगात साधा शर्ट, स्कूटरवर नाव नाही, स्कूटर दोन गल्ल्या पलीकडे, पंप भाजीच्या पिशवीत आणि वर कोथिंबिरीची जुडी. कोणाच्या घरी काय निघालं, हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही. मी किती खोदून विचारलं असेल! "डॉक्टर पेशंटचं नाव सांगते का?" एवढंच म्हणायचा.

मला ही पद्धत म्हणजे शुद्ध येडेपणा वाटायचा. आणि तेवढ्यात संक्रांत आली.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या बायकांचं हळदीकुंकू त्या वर्षी माझ्या घरी होतं. वाण म्हणून दर वर्षी स्टीलची वाटी नाहीतर प्लास्टिकचा डबा असतो. मी झुरळांच्या औषधाच्या ट्यूबा दिल्या. भावाकडूनच घेतल्या, त्याला कारण न सांगता. पहिल्या वहिनींच्या हातात ट्यूब ठेवली तशा त्या म्हणाल्या, "अवं, तिळगूळ तरी दे आधी." तिळगूळ दिला. मग सगळ्या बसल्यावर मी उभी राहिले आणि माझ्या भावाला प्रत्येकीनं एकेक अभिप्राय लिहावा, अशी विनंती केली. काहीजणींकडे तो जाऊन आला असणार, याचा मला अंदाज होता. वस्तू देऊन अभिप्राय घेणं नियमात बसत नाही, हेही मला पाठ होतं. पण हळदीकुंकवाला वाण देणं हा आमचा धर्म, त्यात नकाशावाल्यांनी पडू नये, असं मी मनाशी म्हटलं.

त्या लिहायला तयार झाल्या. फुकटात मिळालेल्या ट्यूबेची भीड होती, शिवाय मसाला दूध अजून यायचं होतं. आमच्या आतल्या खोलीत नेटवर्क येत नाही, म्हणून मी सगळ्यांना घरच्या वायफायचा पासवर्ड दिला. एकाच खोलीत, एकाच वायफायवर, एकाच अर्ध्या तासात वीस-बावीस बायका पाच-पाच तारे देऊन राहिल्या होत्या. माझ्या एखाद्या गिऱ्हाइकानं हे केलं असतं, तर मी त्याला उभा-आडवा झापला असता. मी मात्र दुधाचे पेले भरत होते आणि स्वतःवर खूश होते.

सगळ्या गेल्यावर मी एकेक अभिप्राय वाचायला घेतला. पहिला असा होता: 'माझ्या घरी काही नव्हते. माझ्या मोठ्या जावेकडे खूप ढेकूण होते. भैयांनी छान मारले.' मी हसले. दुसरा हिंदीत: 'हमारे यहाँ तो सब साफ है, सामने वाली भाभी के यहाँ बहुत खटमल थे, अब नहीं हैं।' ती सामनेवाली भाभी हे लिहिताना तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिसरीनं मंडळाच्या खजिनदारबाईंच्या दिवाणाचं नाव घेतलं होतं. खजिनदारबाईंनी अध्यक्षबाईंच्या सोफ्याचं. एकीनं फक्त 'दूध छान होतं, वेलची जास्त' असं लिहून पाच तारे दिले होते. तो एकच अभिप्राय खरा म्हणायचा.

कोणीही स्वतःच्या घरी ढेकूण असल्याचं लिहिलेलं नव्हतं. प्रत्येकीनं ते दुसरीच्या घरात सोडले होते.

सकाळी चहा व्हायच्या आत अध्यक्षबाईंचा फोन.

"काय वं, तुह्या भावाले तोंड आवरता येत नाही का?"

"काकू, त्यानं कोणालेच काही सांगितलं नाही."

"मंग तिनं माह्या सोफ्याचं नाव कसं घेतलं? माह्या सोफ्याचं फक्त मले, तुह्या भावाले आणि वर देवाले माहीत होतं!"

आता मला घाम फुटला. कारण अध्यक्षबाईंच्या सोफ्यात खरंच ढेकूण होते. पुढे कळलं, खजिनदारबाईंच्या दिवाणातही होते. मोठ्या जावेकडेही होते. बायकांनी आपली लाज झाकायला जे नाव सुचलं ते दिलं होतं, आणि प्रत्येक अंदाज बरोबर लागला होता. लागणारच होता. मंडळाच्या मालकीच्या गाद्या आहेत. लग्न, बारसं, पाहुणे, कोणाकडेही काही असलं की त्या गाद्या जातात आणि परत येतात. ढेकूण त्या गाद्यांतून घरोघरी पोचले होते. सगळ्यांच्या घरी होते, सगळ्यांनी गुपचूप माझ्या भावाला बोलावलं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की साऱ्या रायपुरात आपणच एक अभागी. आता प्रत्येकीला वाटलं, की यानंच फोडलं.

त्याच दिवशी दुपारी नकाशावाल्यांनी सगळे अभिप्राय उडवले आणि भावाचं नावच नकाशावरून काढून टाकलं. हा व्यवसाय खरोखर आहे, याचा पुरावा व्हिडिओत द्या, असा निरोप आला. दुकान, पाटी, नाव लिहिलेली गाडी, असं काहीतरी. माझा भाऊ दोन वर्षं जे लपवत आला होता, त्याचीच यादी.

संध्याकाळी तो आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"ताई, सकाळपासून सात जणीइचे फोन आले. साऱ्याइले वाटते मीच सांगत फिरून राहिलो."

"मी तुह्या भल्यासाठीच केलं."

"हव. मले न विचारता."

"मंग काय करू? लोक लिहीतच नाहीत. घरात ढेकूण चालतात, लिहायचं म्हटलं की जीव जातो."

तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तू कुठं लिहिलं?" तो म्हणाला.

इथे मला एक गोष्ट सांगावी लागते, जी मी इतका वेळ टाळली. मंडळाच्या त्या गाद्या आधीच्या दिवाळीत माझ्याकडेही आल्या होत्या, नणंदेची माणसं राहायला आली तेव्हा. पंधरा दिवसांनी माझ्या पलंगात ढेकूण. मी भावाला बोलावलं, तेही भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना. त्यानं माझा पलंग उकलला, दोन तास घाम गाळला, आठवड्यानं पुन्हा येऊन गेला. शेजारीण जिन्यात भेटली आणि हा कोण म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, भाऊ आहे, जेवायला आलाय. तो पिशवी घेऊन मागेच उभा होता. मंडळात कोणी विचारलं की भाऊ काय करतो, तर मी सांगायची, त्याचा स्वतःचा बिझनेस आहे. कसला, म्हणून पुढे विचारलं की मी पाणी आणायला उठायची. शहरभरच्या धंद्यांना मी वर चढवते आणि सख्ख्या भावाच्या धंद्याचं नाव त्या हळदीकुंकवापर्यंत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. त्याला हे सगळं माहीत होतं. दोन वर्षांत एकदाही बोलला नव्हता.

"मी नागपूरले हो म्हणून सांगून टाकतो," तो म्हणाला. "तिथं मले कोणी ओळखत नाही, तेच बरं."

आणि गेला. मी दार लावलं आणि खूप रडले. नवरा ऑफिसातून आला, त्यानं विचारलं, मी म्हटलं कांदा. घरात त्या दिवशी कांदा नव्हता.

रडून झाल्यावर मला राग आला. राग आला की माझं डोकं बरं चालतं. अभिप्राय मी लिहू शकत नव्हते, नातेवाइकांचा चालत नाही आणि आता तर आमच्या घरावर नकाशावाल्यांची नजर होती. पण वेबसाइट आमची होती. तिच्यावर बूढ़ापाऱ्याचं ते चिकटवलेलं पान मी पुसलं आणि नव्यानं लिहायला बसले. मोबाइलमध्ये माझ्या पलंगाचे फोटो होतेच. काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर भाऊ एकेका भेगेचा फोटो काढतो, घरवाल्याला दाखवतो आणि नंतर पुसतो. माझे त्यानं मला पाठवले होते. मी काहीच पुसत नाही, हा माझा दुर्गुण त्या दिवशी कामाला आला.

मथळा दिला: 'बूढ़ापारा में खटमल: मेरे अपने घर की बात।' मग सगळं लिहिलं. ढेकूण कसे आले, आधी मला ते डासच वाटले, मी गादी उन्हात टाकून कसं समाधान मानून घेतलं, ते लाकडाच्या भेगांत कसे बसतात, एकदा फवारून भागत का नाही, दुसऱ्यांदा का यावं लागतं. पलंगाचे आधीचे फोटो, नंतरचे फोटो. वर माझा फोटो, त्याच पलंगावर बसलेली. पुढे एक ओळ: 'जिन्होंने यह काम किया, वे मेरे सगे छोटे भाई हैं। मेरा लिखा इसी हिसाब से पढ़िए।' गाद्या कुठून आल्या ते लिहिलं, मंडळाचं नाव लिहिलं नाही. बाकीच्या वस्त्यांची नकली पानं सगळी काढून टाकली.

नवऱ्यानं वाचलं. मग म्हणाला, "बदली मागू का?"

मी पानाची लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली. ग्रुप दोन दिवसांपासून मुका होता, कोणी सुप्रभातसुद्धा म्हणत नव्हतं. तासाभरात अध्यक्षबाईंचा फोन.

"अवं, तुह्या घरीबी होते?"

"हो, काकू."

"पलंगात?"

"फोटो आहे ना."

त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. "मले वाटलं आमच्याच घरी वं. मी तर सुनेवर संशय घेतला, तिच्या माहेरच्या बॅगांवर." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुह्या भावानं कोणाचंच सांगितलं नव्हतं ना?"

"मलेसुद्धा नाही."

"मंग त्याले पाठव. मंडळाच्या गाद्या दाखवायच्या आहेत."

अध्यक्षबाई हुशार. सगळा दोष गाद्यांवर गेला की कोणाचंच घर बदनाम होत नव्हतं. कार्यकारिणीनं रीतसर ठराव केला, मंडळाच्या लेटरहेडवर भावाला बोलावलं, आणि ज्या बायका तीन दिवस एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, त्या गाद्या उन्हात काढायला एकत्र आल्या. भाऊ आला, सगळ्यांसमोर पंप बाहेर काढला. कोथिंबीर नव्हती.

नकाशाचं काम मात्र त्याच्याशिवाय होणार नव्हतं. गाद्यांचं उरकल्यावर मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "माह्याकडून चुकलं." हे दोन शब्द म्हणायला मला घसा खाकरावा लागला. मग पुराव्याच्या व्हिडिओचं सांगितलं, स्कूटरवर नाव लिहू या म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "स्कूटरवर नाव लिहिलं तर मले बोलावन कोण?"

या वेळी मी वाद घातला नाही. नाव स्कूटरवर न लिहिता औषधांच्या पेटीवर रंगवायचं ठरलं. पेटी त्याच्या बीरगांवच्या घरात राहील, लोकांकडे तो साध्या पिशवीनंच जाईल. भाचीनं व्हिडिओ घेतला: गल्ली, दार, लायसनचा कागद, पंप, नाव रंगवलेली पेटी, आणि पेटीशेजारी पोलीस ठाण्यात उभा केल्यासारखा भाऊ. "पापा, स्माइल करो," ती म्हणत होती. तो शेवटपर्यंत हसला नाही. काही आठवड्यांनी नाव नकाशावर परत आलं. पहिला अभिप्राय अध्यक्षबाईंनी मंडळातर्फे आपल्या घरून, आपल्या मनानं लिहिला: 'मंडळाच्या गाद्यांत ढेकूण होते. आता नाहीत.'

पण फोन त्याआधीच सुरू झाले होते, त्या पानामुळे. लोक शोधत होते, माझा पलंग बघत होते आणि त्याला फोन लावत होते. बहुतेक जण आधी एकच विचारायचे, किसी को पता तो नहीं चलेगा? तो म्हणायचा, नहीं चलेगा. आणि खरंच कोणाला कळायचं नाही.

होळीच्या दोन दिवस आधी तो घरी आला. मोबाइल काढला आणि ते पान माझ्यासमोर उघडून उभ्याउभ्या वाचलं, पहिल्या ओळीपासून. मला वाटलं होतं, त्यानं कधीच वाचलं असेल. सगे छोटे भाई या ओळीपाशी थांबला, चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"फोटोत जाड दिसून राहिली तू," म्हणाला.

"नागपूरचं काय?"

"सांगितलं त्याइले, नाही येत म्हणून. परवाच." आणि आत जाऊन माझ्या नवऱ्याशी गप्पा मारत बसला.

आता रायपुरात कोणीही ढेकणांसाठी शोधलं, की सर्वात वर मी येते, माझ्या पलंगावर बसलेली, जरा जाड. पंडरीत एका दुकानात साडी बघत असताना गल्ल्यावरच्या माणसानं मला दोनदा निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "दीदी, आप वही हैं ना, खटमल वाली?" लाज वाटते, खोटं कशाला बोलू. पण मी त्याला भावाचा नंबर दिला, आणि भाऊ संध्याकाळी त्याच्याकडे पोचला, नागपुरातून नव्हे, बीरगांवातून, अर्ध्या तासात.